भूमितीतलं 'कारण' पोरांना शिकवायचं कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दहावीच्या पोरांसाठी जे पान येतं त्यात मागच्या आठवड्यात भूमितीची 'हमखास येणारी प्रमेये' छापली होती, सिद्धतेसकट, कापून वहीत चिकटवायला सोयीची. त्यावर लिहावंसं वाटलं म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, जमलं तर छापा. मी काही मास्तर नाही. उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, गेट, ग्रील, जिने, पत्र्याची शेड असली कामं करतो. पण पोरगी यंदा दहावीला आहे आणि गेले चार महिने रोज रात्री जेवणं झाली की तिच्यासोबत मी पण भूमिती घेऊन बसतोय, तेव्हा बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो. गंमत म्हणजे आमच्या धंद्यात 'अँगल' म्हणलं की लोखंडाची ती एल आकाराची पट्टी, कोन नव्हे. वीस वर्षं अँगल कापतोय आणि कोन आत्ता कुठं कळायला लागलाय.

सुरुवात भांडणानं झाली. चाचणीच्या पेपरात प्रश्न होता, दोन समांतर रेषा, त्यांना छेदणारी एक छेदिका, एक कोन ११५ अंश दिलाय, दुसरा काढा, कारणासहित. पोरीनं ६५ लिहिलं. बरोबर लिहिलं. तरी दोनातला एक मार्क कापलेला आणि लाल पेनानं नुसतंच 'कारण?'. मी तावातावानं शाळेत गेलो, उत्तर बरोबर असताना मार्क कापायचा म्हणजे काय चाललंय. बाई काही चिडल्या नाहीत, त्यांनी पोरीलाच विचारलं, ६५ कुठनं आलं गं? ही म्हणाली, आकृतीत दिसतंय की, एक मोठा आहे एक लहान आहे, दोन्ही मिळून १८०. का १८०? इथं गप्प. मग बाईंनी कोऱ्या कागदावर तीच आकृती परत काढली पण खालची रेषा किंचित तिरकी, इतकी किंचित की नुसत्या डोळ्याला कळायचंच नाही, आणि म्हणाल्या, आता पण ६५च आहे का सांग. पोरगी माझ्याकडं बघायला लागली, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

कारण मला ते लगेच पटलं होतं. दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तिरका बसलेला पाईप डोळ्याला सरळच दिसतो, गेट लावताना मग कळतं. म्हणजे १८० हे आकृतीतनं आलंच नव्हतं, ते 'रेषा समांतर आहेत' या दिलेल्या वाक्यातनं आलं होतं, आणि ते वाक्य पोरीनं वाचून सोडून दिलं होतं. मार्क कापला ते योग्यच होतं, मी तसं बाईंना सांगून परत आलो.

पण येताना गाडीवर डोक्यात तेच घोळत होतं की 'कारण' म्हणजे नेमकं काय लिहायचं हे पोरीला आत्तापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. ज्या क्लासला ती जाते तिथनं व्हॉट्सॲपवर सिद्धतांची पीडीएफ येते, ती पाठ करायची. मग कंसात 'पक्ष' (म्हणजे प्रश्नात दिलेली गोष्ट), 'रेषीय जोडी', 'सामाईक बाजू', 'विरुद्ध कोन' हे शब्द पोरं देवाला फुलं वाहिल्यासारखे वाहतात, कुठलं फूल कुठल्या देवाला याचा पत्ता नाही. बोर्डाच्या ४० मार्कांच्या भूमितीच्या पेपरात 'कृती पूर्ण करा' म्हणून चौकटी असतात, कल्पना वाईट नाही, पण सराव इतका होतो की पोरं वरची-खालची ओळ बघून चौकट भरतात, शब्दकोडं भरल्यागत, आणि भरून झाल्यावर काय सिद्ध झालं म्हणून विचारलं तर परत पहिल्यापासून वाचायला लागतात.

आता मी घरी काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा. पहिल्या दिवशी वही बंद, हातात कात्री. कात्रीची पाती जेवढी उघडतात तेवढीच मागं बोटांची बाजू उघडते, हे बारक्या पोराला पण माहीत असतं. पण का? दोन सरळ रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोन, गोल फिरत त्यांना १, २, ३, ४ नंबर द्या. १ आणि २ मिळून सरळ रेषा, म्हणजे १८०. २ आणि ३ मिळून दुसरी सरळ रेषा, ते पण १८०. दोन्हीकडं तोच २ नंबर आहे, तो दोन्हीकडनं काढून टाका, उरले १ आणि ३, ते सारखे असणारच, पर्यायच नाही. पोरगी म्हणाली, पण मापलंच नाही आपण. म्हणलं, हेच तर! कुठलीही कात्री आण, कितीही उघड, न मापता सांगता येतंय. हे विरुद्ध कोन सारखे असतात हे पहिल्यांदा थेलीसच्या ध्यानात आलं आणि रीतसर सिद्धता युक्लिडनं दिली, असं जुने ग्रीक लेखक सांगतात, आणि या दोघांत जवळजवळ तीनशे वर्षांचं अंतर आहे. दिसण्यापासनं सिद्ध करण्यापर्यंत यायला एवढा वेळ लागला, मग आमच्या पोरीला चार महिने म्हणजे काहीच नाही.

तो युक्लिड, इसवी सन पूर्व ३०० च्या सुमाराचा माणूस, सुरुवातीलाच एक वाक्य टाकून ठेवतो, एकाच गोष्टीशी ज्या दोन गोष्टी समान त्या एकमेकींशी पण समान. वाचताना वाटतं यात सांगण्यासारखं काय आहे. पण माझ्या वर्कशॉपात हेच वाक्य रोज मार खातं. ग्रीलसाठी एका मापाच्या वीस सळ्या कापायच्या असल्या की नवीन हेल्पर काय करतो, पहिल्या सळीवर दुसरी ठेवून खडूनं मार्क करतो, मग दुसरीवर तिसरी, तिसरीवर चौथी. प्रत्येक वेळी खडूच्या रेघेच्या जाडीएवढं काहीतरी सरकतं आणि विसावी सळी पहिलीला लावून बघितली तर दोन सूत लांब. म्हणून मिस्त्री लोक ओरडतात, पहिल्या पीसवरनंच मार, शेवटच्यावरनं नको. भूमितीत हे सरकणंच नाही. पहिला कोन दुसऱ्याएवढा, दुसरा तिसऱ्याएवढा, असं शंभरापर्यंत जा, शंभरावा पहिल्याएवढाच, एक सूतसुद्धा इकडं-तिकडं नाही. हे पोरीला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, मग पप्पा कोनमापकानं मापलं तर त्रिकोणाची बेरीज १७९ किंवा १८१ का येते? म्हणलं, तो खडू झाला. शिरोबिंदूतनं समोरच्या बाजूला समांतर रेषा काढ, दोन व्युत्क्रम कोनांच्या (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना आत पडणाऱ्या सारख्या कोनांच्या) जोड्या बघ, तिन्ही कोन एका सरळ रेषेवर येऊन बसतात, तिथं खडू लागत नाही.

जाता जाता, हे = चिन्ह काढलं ते १५५७ मध्ये, वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डनं. त्यानं दोन समांतर रेघा का घेतल्या, तर म्हणे यापेक्षा जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. पोरीला हे लई आवडलं, आता ती मुद्दाम लांबलचक = काढते, त्याच्या सुरुवातीच्या रेघा पण तशाच लांब होत्या.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. गेटची चौकट काटकोनात आहे का हे आम्ही गुण्या लावून बघतोच पण मोठ्या गेटला गुण्यावर भरवसा नसतो, म्हणून कर्ण मापतो. आठ फूट बाय सहा फूट चौकट असली तर दोन्ही कर्ण दहा-दहा फूट आले पाहिजेत, आले की टॅक (आधी मारलेला वेल्डिंगचा कच्चा टाका) पक्का करायचा. माझ्या उस्तादानं शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादानं. का ते कुणी विचारलं नाही. ते पोरीनं मला दाखवलं, एका संध्याकाळी वर्कशॉपात, फरशीवर खडूनं, हेल्पर चहा घेऊन बाजूला उभा.

चौकट अबकड म्हणा. समोरासमोरच्या बाजू सारख्या कापल्यात, म्हणजे तो समांतरभुज चौकोन झाला (हे पण सिद्ध करावं लागतं, ते तिनं आदल्या दिवशी केलं होतं, एक कर्ण टाकून). आता दोन त्रिकोण बघा जे एकमेकांवर चढलेले आहेत, अबक आणि बअड. खालचा पाईप अब दोघांचाही, सामाईक. बाजूचे दोन पाईप बक आणि अड सारखे. आणि कर्ण अक आणि बड सारखे, ते आपण टेपनं मापलेत. तिन्ही बाजू जुळल्या, बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी, त्रिकोण एकरूप. म्हणजे ब पाशी जो कोन तोच अ पाशी. पण बाजूचे पाईप समांतर असल्यामुळं त्या दोन कोनांची बेरीज १८०. दोन सारखे कोन आणि बेरीज १८०, म्हणजे प्रत्येकी ९० सोडून दुसरं काय येणार? खडू टाकून ती उठली आणि मी वीस वर्षं मापत आलेल्या कर्णांकडं असा बघत बसलो जसं आपल्याच घरात एक जादा खोली सापडावी.

यात तो 'सामाईक बाजू' शब्द बघा. पोरांना वाटतं की हे काय लिहायचं, अब म्हणजे अबच की. पण ती ओळ काढून टाकली तर हातात दोनच बाजू उरतात आणि कसोटी लागतच नाही. दोन गाळ्यांच्या मधली भिंत एकच असते म्हणून ती दोन्ही गाळ्यांच्या नकाशात दाखवायची नाही का?

आणि याचीच दुसरी बाजू, जी मला पैसे देऊन शिकायला मिळाली. तीन वर्षांमागं फुलेवाडीतल्या एका गेटला हेल्परनं वरचा पाईप पाऊण इंच छोटा कापला. टॅक मारताना दोन्ही बाजूचे पाईप सारखेच आत कलले, कर्ण मापले तर एकदम जुळले, सगळे खूश. साईटवर चढवलं तर वरच्या अंगाला दोन्हीकडं फट. मालक फटीकडं बोट दाखवतोय आणि मी टेप घेऊन शपथेवर सांगतोय की कर्ण जुळतात म्हणून. कर्ण जुळतच होते! समद्विभुज समलंब चौकोनाचे पण जुळतात. वर सांगितलेल्या सिद्धतेत 'समोरासमोरच्या बाजू सारख्या' ही जी दिलेली गोष्ट होती ती माझ्या गेटमध्ये नव्हतीच, मी नुसता शेवटचा निष्कर्ष उचलून घेऊन गेलो होतो. पोरं पक्ष न लिहिता साध्याकडं (जे सिद्ध करायचं त्याकडं) उडी मारतात तेव्हा मला ते गेट आठवतं. गॅस कटर, नवीन पाईप, परत रंग, आणि मजुरी अंगावर.

आता पोरांची जी चूक मला सगळ्यात जास्त दिसली ती. समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन सारखे असतात हे सिद्ध करायचं. पोरीनं रचनेत लिहिलं होतं, शिरोबिंदूतनं अशी रेषा काढा जी कोन दुभागेल, पायाला लंब असेल आणि पायाच्या मध्यात पडेल. मग पुढं सगळं पटापट सिद्ध. क्लासमधल्या चार-पाच पोरांच्या वह्या तिनं आणल्या, तीन जणांनी हेच केलेलं आणि एकाला तर पूर्ण मार्क. म्हणलं बाळा, मी हेल्परला सांगितलं की ही पट्टी मध्यावर पण लाव, काटकोनात पण लाव आणि वरचा कोन पण बरोबर अर्धा कर, तर तो म्हणेल मालक एक काय ते सांगा, बाकीचं आपोआप आलं तर आलं. रेषेला एकच काम सांगायचं. कोन दुभाजक काढ, बास. मग दोन बाजू दिलेल्या सारख्या, मधला कोन दुभागला म्हणून सारखा, मधली रेषा सामाईक, बाकोबा (बाजू-कोन-बाजू), झालं. आणि ती रेषा लंब पण आहे, मध्यात पण पडते, हे त्यानंतर आपल्याला फुकटात मिळतं, आधी मागून घ्यायचं नाही. एका पोरानं तर त्याहून भारी केलेलं, पायालगतचे कोन सारखे धरून कोबाको (कोन-बाजू-कोन) लावली आणि त्यावरनं पायालगतचे कोन सारखे असल्याचं सिद्ध केलं, म्हणजे स्वतःच्याच हमीवर स्वतःला कर्ज.

एकरूप आणि समान यातला घोळ पण आहे, पण त्यावर फार लिहीत नाही. सहा बाय दोनचा पत्रा आणि चार बाय तीनचा पत्रा, दोन्ही बारा चौरस फूट, क्षेत्रफळ समान, दुकानदार पैसे तेवढेच घेतो, पण एकाच्या जागी दुसरा बसवून दाखवा. समान हे मापाचं बोलणं, एकरूप हे एकमेकांवर ठेवून जुळण्याचं. एवढं कळलं की पुरे.

आणि 'कारण' विचारायची सवय लागली की कशी लागते बघा. अंबाबाईच्या किरणोत्सवाला आम्ही दरवर्षी जातो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन आधी चरण, मग छाती, मग मुख. लहानपणापासनं बघतोय, दोन वेळा का होतो हे मला कधी सुचलंच नाही. यंदा पोरीनं गर्दीतच बोटांवर मोजलं, १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२ दिवस. सगळ्यात दक्षिणेला सूर्य २१-२२ डिसेंबरला असतो, त्याच्या अलीकडं-पलीकडं सारख्याच अंतरावर तो मावळतीला सारख्याच कोनात येणार. म्हणजे देऊळ बांधणाऱ्यानं एक कोन साधला आणि दुसरा किरणोत्सव त्याला समद्विभुज त्रिकोणातल्या त्या लंबासारखा फुकटात मिळाला. शेजारच्या मावशी म्हणाल्या, देवळात तरी अभ्यास राहू दे गं.

तर संपादक साहेब, सांगायचं हे की प्रमेयं छापू नका असं नाही. पण बरोबर सिद्धता वाचून पोरांना वाटतं की आपल्याला कळलं, कारण तिथं अडायला काहीच नसतं. माझ्या पोरीला जे काही आलं ते मोडक्या सिद्धतेत मोड कुठं आहे हे शोधताना आलं. म्हणून विनंती अशी की त्या पानावर आठवड्याला एक चुकीची सिद्धता छापा, खाली लिहा की यात एक ओळ खोटी आहे, शोधा, आणि का खोटी ते सांगा. जागा पण कमी लागेल, 'हमखास'पेक्षा तर कमीच.

एक नमुना सोबत पाठवतोय, पण त्याआधी एक खेळ घरी करून बघा. जमिनीवर एक सरळ रेघ, तिच्या एका टोकाला ३० अंशात वर चढवलेली दहा इंची सळी, आणि त्या सळीच्या वरच्या टोकाला बिजागरीनं लटकवलेली सहा इंची सळी. ही लटकती सळी झोपाळ्यागत फिरवली तर रेघेला किती ठिकाणी टेकते? आम्ही खरंच वेल्ड करून बघितलं. दोन ठिकाणी. एकदा टोकापासनं सव्वापाच इंचाच्या जरा पुढं आणि एकदा जवळजवळ बारा इंचावर. दोन बाजू त्याच, कोन तोच, आणि त्रिकोण दोन वेगळे. म्हणून कोन दोन बाजूंच्या मधला असेल तरच बाकोबा म्हणायचं, बाहेरचा असेल तर ती कसोटी लागत नाही. पुस्तकात 'समाविष्ट कोन' असा एक शब्द असतो, तो पोरं गिळून टाकतात, या दोन सळ्या बघितल्यावर गिळत नाहीत.

आता नमुना. त्रिकोण अबक, बाजू अब आणि अक सारख्या. पाया बक वर ड हा कुठलाही एक बिंदू घ्या, अगदी ब च्या जवळ घ्या, आणि अड जोडा. आता त्रिकोण अबड आणि अकड बघा. अब = अक, पक्ष. अड = अड, सामाईक बाजू. कोन ब = कोन क, समद्विभुज त्रिकोणाचं प्रमेय. दोन बाजू आणि एक कोन जुळला, म्हणून त्रिकोण एकरूप. म्हणून बड = कड. म्हणजे पायावरचा कुठलाही बिंदू हा पायाचा मध्यबिंदू आहे.

उत्तर छापू नका, पुढच्या आठवड्यात पोरांची पत्रं येऊ देत. पोरीनं दोन मिनिटांत सांगितलं, मला चहा गार होईपर्यंत लागलं, आणि आमच्या हेल्परनं कागद न बघताच त्या लटकत्या सळीकडं बोट केलं.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर